एक दगडसुद्धा टाकता येत नाही? कोणी सांगितलं?

"खाडीकाठचा रूळ खचला तर सीआरझेडची परवानगी आणि हायकोर्टाची ऑर्डर येईपर्यंत रेल्वेला एक दगडसुद्धा टाकता येत नाही, अमेरिकेत बघा कसं लगेच काम होतं, आपण मात्र तिवरांपायी लोकलमध्ये अडकतो." हा मेसेज मला चार जणांनी पाठवलाय आणि त्यातले दोघं रोज माझ्यासोबत ठाणे-वाशी गाडीला असतात, म्हणून लिहायला बसले. (सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगत काय करता येतं याचे नियम, आणि तिवरं म्हणजे खाडीतली खारफुटीची झाडं.)

एक दगडसुद्धा नाही, हे साफ चूक आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १४ काढून वाचा. रुळाखालचा मातीचा भराव किंवा कटिंग (जमीन कापून केलेली रुळाची वाट) खचलं असेल, किंवा नुसती खचायची भीती असेल तरी रेल्वे लगतच्या जमिनीत शिरून लागेल ते काम करू शकते आणि रिपोर्ट केंद्र सरकारला द्यायचा असतो. रिपोर्ट बघून सरकार पुढचं काम थांबवू शकतं किंवा अटी घालू शकतं. कोणाचं नुकसान झालं तर त्याचे पैसे द्यायचं कलम १५ मध्ये आहे. म्हणजे आधी काम, मग कागद. मागच्या पावसाळ्यात ऐरोली-रबाळेच्या मध्ये आमची गाडी थांबली तेव्हा मी दारातच होते, केशरी जॅकेटवाले ट्रॅकमन घोटाभर पाण्यात उभे राहून पंजाने खडी ओढत होते, सब्बलीने स्लीपरखाली ठोकत होते, एक जण लाल झेंडा धरून पुढे उभा, आणि थोड्या वेळाने त्याच रुळावरून कॉशन लावून, म्हणजे वेग कमी ठेवायची सूचना देऊन, आमची गाडी रांगत पुढे गेली. कोणी मंत्रालयात फाईल घेऊन पळालं नव्हतं हो.

आता हायकोर्ट. मुंबई हायकोर्टाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालात बंदी आहे ती तिवरं तोडायला आणि त्यांच्याभोवती ५० मीटरच्या बफरमध्ये बांधकाम करायला, सार्वजनिक हिताचं काम असेल तर कोर्टाकडे जायचं. बुलेट ट्रेनवाले तसेच गेले आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना सुमारे २२ हजार तिवरं तोडायची परवानगी मिळाली. पण तो नवा प्रकल्प होता! रुळाखाली खडी भरणं आणि नवीन मार्गासाठी जंगल तोडणं, मेसेजवाल्याने दोन्ही एकाच पोत्यात भरलंय.

अमेरिकेचं पण ऐका. कॅलिफोर्नियात सॅन क्लेमेंटेला समुद्राला लागून रेल्वे आहे, २०२१ पासून जमीन सरकून ती कितीतरी वेळा बंद पडली. तिथला कोस्टल ॲक्ट १९७६ चा. त्यात आणीबाणीत परमिटची अट सोडता येते, पण तीन दिवसांत किनारा आयोगाला कळवावं लागतं आणि २५ हजार डॉलरच्या वरचं कायमचं बांधकाम त्या सवलतीत बसत नाही. म्हणजे तिथेही मोकळं रान नाहीच, आणि मला ते योग्यच वाटतं.

मेसेजमध्ये खरं एवढंच की कायमची संरक्षक भिंत, नवा भराव, खाडीत भर टाकणं याला सीआरझेडची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. लागू दे. ते काम पावसाच्या आधी वर्षभर धरून मागायचं असतं, रूळ पाण्यात गेल्यावर नाही. आणि तिवरं काढून टाका म्हणणाऱ्यांनी एकदा ओहोटीला खाडीवर जाऊन बघावं, लाटेचा जोर आणि चिखल दोन्ही ती मुळं अडवतात, ती गेली की पाण्याचा मार थेट भरावाला.

पाणी का तुंबतं ते मला रोज दिसतं. रुळाखालच्या मोरीच्या (पाणी पलीकडे जायच्या वाटेच्या) तोंडाशी डेब्रिजच्या गोण्या, थर्माकोल, फुटकी कमोडं. भरती असली की पाणी खाडीत उतरत नाही, ओहोटी लागली तरी मोरी तुंबलेली, मग ते रुळावरच थांबतं. मेसेज पाठवणाऱ्या त्या दोघांना मी काल त्या मोरीचा फोटो पाठवला आणि म्हटलं फॉरवर्ड करायचंच असेल तर हा करा.