फोटोतला खांब कुणाच्या घरचा?

दीडशे वर्षांपूर्वीचे फोटो जोडून एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे: 'तेव्हा फोटो फक्त धनिकांचेच निघत, पंधरा मिनिटं न हलता बसावं लागे, आणि फेरफार नसल्यामुळे दिसतं तेच त्या माणसाचं खरं घर, खरा दर्जा.'

'फक्त धनिकांचे' हे फार तर १८३९ मध्ये फोटोग्राफी जगापुढे आली त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांना लागू पडेल. १८५४ मध्ये पॅरिसचा फोटोग्राफर दिझ्देरी याने कार्त-द-व्हिझितचं, म्हणजे पुठ्ठ्यावरच्या छोट्या फोटो-कार्डाचं, पेटंट घेतलं. एका काचेवर सहसा आठ छबी घ्यायच्या, एकदम छापून कापायच्या आणि ६.४ बाय १० सेंमीच्या पुठ्ठ्यांवर चिकटवायच्या, म्हणून फोटो स्वस्त पडे. अमेरिकेत यादवी युद्धातले साधे शिपाईही लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइप काढून घरी धाडत. (स्वस्त म्हणजे सगळ्यांना परवडणारा, असं मात्र नव्हे.)

'पंधरा मिनिटं' तर नाहीच. १८५१ पासून काचेवर कोलोडियन या चिकट द्रवाचा लेप देऊन तो ओला असतानाच फोटो घेत; त्याला चांगल्या उजेडात काही सेकंद पुरत. मिनिटांचा हिशेब होता तो काचेचा. लेप दिलेली काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये तीनेक मिनिटं बुडवायची आणि वाळण्याआधी फोटो घेऊन डेव्हलपही करायची. वाळली की वाया. मानेमागे लोखंडी चिमटा असे तो त्या काही सेकंदांत डोकं डुलू नये म्हणून.

आता 'खरं घर'. खांब, कठडा, पडदा, जाडजूड पुस्तकं हे बहुतेकदा स्टुडिओचं सामान. गालिच्यावर दगडी खांब कोण उभारतो? पुठ्ठा उलटा करून स्टुडिओचं नाव वाचा आणि त्याच स्टुडिओची आणखी कार्डं शेजारी मांडा. तीच खुर्ची, तोच कठडा निरनिराळ्या गिऱ्हाइकांपाशी सापडतो. अमेरिकेत गुलामीत जन्मलेल्या आणि पुढे गुलामीविरुद्ध बोलणाऱ्या सोजर्नर ट्रूथ यांनी १८६४ मध्ये स्वतःच्या फोटोची कार्डं विकली: पांढरी टोपी, शाल, हातात विणकाम, टेबलावर पुस्तक. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ही फसवणूक नव्हे. लोकांपुढे कसं यायचं ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं.

मुंबईत ती मुभा सगळ्यांना नव्हती. फोटोग्राफर विल्यम जॉन्सनच्या १८६३ च्या, इथल्या जातीजमातींवरच्या पुस्तकात स्टुडिओतली माणसं भलत्याच ठिकाणांच्या दृश्यांवर जोडली आहेत आणि खाली नाव नाही, जमातीचं लेबल आहे. 'फेरफार नव्हता' म्हणणाऱ्यांनी ती पानं जरूर पाहावीत.

रंगावरून ओळख ठरवणं सर्वांत धोक्याचं. कोलोडियनला निळा प्रकाश दिसतो, लाल जवळजवळ नाही. त्यामुळे फिकं निळं कापड पांढरं येतं, लाल पगडी आणि कुंकू काळं, रापलेला चेहरा होता त्याहून काळा. विधवेचं तांबडं आलवण आणि सवाष्णीची काळी चंद्रकळा फोटोत सारखीच दिसते. तेव्हा आधी मंगळसूत्र, बांगड्या, कपाळ पाहा. प्रत हाताने रंगवलेली असेल, तर तिथला रंग रंगवणाऱ्याच्या मर्जीचाही असू शकतो.