‘बेओवुल्फ’ हा युद्धाचा जयघोष नव्हे

“बेओवुल्फ हे इंग्लंडच्या पराक्रमी राजाचं महाकाव्य; यमकही न जमणाऱ्या रानटी काळातलं, युद्धाचा जयघोष करणारं.” असं ठामपणे लिहिलेलं वारंवार वाचायला मिळतं. ते चुकीचं आहे.

पहिली गोष्ट, राजा इंग्लंडचा नाही. बेओवुल्फ गेआट, म्हणजे आजच्या दक्षिण स्वीडनमधला. तो ज्याच्या मदतीला जातो तो ह्रोथगार डेन लोकांचा राजा. 3182 ओळींत एकही प्रसंग इंग्लंडच्या भूमीवर घडत नाही. इंग्रजी आहे ती फक्त भाषा, आणि तीही आजच्या इंग्रजांना नव्याने शिकावी लागते.

यमक नाही हे खरं, पण बंधन त्याहून कडक आहे. ओळीचे दोन अर्ध, प्रत्येकात दोन आघात, म्हणजे जोर देऊन उच्चारायची अक्षरं. तिसरा आघात अनुप्रासाचं अक्षर ठरवतो. पहिल्या दोहोंपैकी निदान एकाने ते घ्यायचंच, चौथ्याने घ्यायचं नाही. अकरावी ओळ पाहा: ‘गोम्बन ग्युल्दन, थॅट वॅस गोड क्युनिंग’. ग, ग, ग आणि शेवटी क. स्वर मात्र कोणताही कोणत्याही स्वराशी जुळतो. डोळ्यांनी वाचलं तर हे निसटतं. मोठ्याने, आघात देऊन वाचावं.

याच ओळीचा दाखला युद्धाच्या गौरवासाठी देतात. अर्थ असा: ‘(शेजाऱ्यांना) खंडणी भरावी लागली, तो चांगला राजा होता.’ इथे स्क्युल्ड या जेत्याची स्तुती आहे, हे मान्य. पण ‘चांगला राजा’ हेच शब्द पुढे 863व्या ओळीत ह्रोथगारला लावलेत, आणि त्याचा वाडा तर बारा वर्षं ग्रेंडेल या राक्षसाने ओस पाडला होता. उलट हेरेमोड हा डेनांचा जुना राजा बलाढ्य असूनही वाईट ठरतो, कारण त्याने पंगतीतल्या सोबत्यांना मारलं आणि डेनांना सोन्याची कडी दिली नाहीत. राजा मोजला जातो तो देण्यावरून.

नायकाच्या तीनही मोठ्या लढती माणसांशी नाहीतच: ग्रेंडेल, त्याची आई, शेवटी ड्रॅगन. माणसांची युद्धं येतात ती बहुतेक आठवणीत किंवा भाकितात, आणि तिथे कवी जिंकणाऱ्याकडे कमी, उरलेल्यांकडे जास्त पाहतो. हिल्डेबुर्ह ही डेन राजकन्या फ्रिसियन राजा फिनला दिलेली. माहेर-सासरच्या लढाईत तिचा भाऊ आणि मुलगा विरुद्ध बाजूंनी पडतात. ती मुलाला मामाच्या शेजारी, त्याच चितेवर ठेवायला सांगते. हिवाळा सरल्यावर सूड घेतला जातो, फिनही मरतो, आणि तिला लुटीसोबत माहेरी नेतात. ह्रोथगारच्या वाड्यातल्या मेजवानीत भाट हे गातो, सगळे खूश होतात. लगेच त्याची राणी वेआल्थ्येओ आपल्या मुलांच्या सुरक्षिततेबद्दल बोलू लागते. ही जोडणी योगायोगाची नाही.

आणि शेवट? पन्नास वर्षं राज्य करून बेओवुल्फ ड्रॅगनवर एकट्यानेच जायचं ठरवतो. विग्लाफ सोडून बाकीचे साथीदार जंगलात पळतात. राजा मेल्यावर विग्लाफ म्हणतो, एकाच्या इच्छेपायी अनेकांना सोसावं लागतं. बेओवुल्फला वारस मुलगा नाही. स्वीडिश आणि फ्रँक आता चालून येतील, असं दूत सांगतो. चितेपाशी एक गेआट बाई आक्रोश करते. तिला पुढच्या कत्तली, अपमान आणि गुलामगिरी दिसत असते.