स्ट्रेप्टोमायसिनचे श्रेय कोणाचे? : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधाच्या शोधाविषयी मी लेखात जे लिहिले, त्यात गुरूवर अन्याय झाला आणि सांगितलेले काम करणाऱ्या विद्यार्थ्याला नसता मान मिळाला, असा आपला आक्षेप आहे. त्यातला पहिला भाग मला मान्य आहे. मातीतल्या सूक्ष्मजीवांमध्ये जंतुनाशक द्रव्ये पद्धतशीरपणे हुडकण्याची दृष्टी गुरूंची, म्हणजे सेलमन वाक्समन यांचीच होती. १९४० मध्ये अ‍ॅक्टिनोमायसिन आणि १९४२ मध्ये स्ट्रेप्टोथ्रिसिन त्यांच्याच प्रयोगशाळेत सापडले, आणि ही दोन्ही द्रव्ये विषारी ठरल्यावरही त्यांनी तो नाद सोडला नाही. मी याची जेमतेम एका वाक्यात बोळवण केली, ही माझी चूक.

दुसरा भाग मात्र मला मुळीच पटत नाही. तो विद्यार्थी, अल्बर्ट शॅट्झ, तेव्हा २३ वर्षांचे होते. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात क्षयाच्या जिवंत जंतूंवरचे काम इतरांपासून दूर, तळघरात चाले. तिथे ते जवळजवळ एकटेच राबत आणि तिथेच झोपत. त्यांनीच सांगितलेल्या आठवणीनुसार, रात्री द्रव आटवताना ते काचेच्या भांड्यावर लाल पेन्सिलीने रेघ ओढून ठेवत आणि पातळी रेघेखाली गेली की रखवालदार त्यांना उठवी. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांनी वेगळ्या केलेल्या, स्ट्रेप्टोमायसिन देणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या दोन वाणांपैकी एक भरपूर खत घातलेल्या शेतातल्या मातीतला होता, तर दुसरा कोंबडीच्या घशातून घेतलेल्या नमुन्यातला. जानेवारी १९४४ च्या शोधनिबंधावर पहिले नाव शॅट्झ यांचे आहे, आणि पेटंटच्या अर्जात खुद्द वाक्समन यांनी त्यांना सहसंशोधक म्हटले आहे. गुरूंनी स्वतः सही करून जे मान्य केले, ते आपण का नाकारावे?

१९५२ चे नोबेल एकट्या वाक्समन यांना मिळाले, हा आपला मुख्य आधार. पण त्याआधी, १९५० साली, शॅट्झ यांनी दावा लावला होता आणि त्याच वर्षाअखेरच्या तडजोडीत सहसंशोधक म्हणून त्यांचे स्थान आणि स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) ३ टक्के वाटा मान्य झाला होता. नोबेल समितीच्या निर्णयाने ही नोंद पुसली जात नाही.

'रोगी वाचले, श्रेयाचे काय घेऊन बसलात?' असेही आपण विचारता. पण रोग्यांचाच विचार करायचा, तर श्रेय या दोघांपाशी थांबत नाही. मेयो क्लिनिकच्या फेल्डमन आणि हिनशॉ यांनी गिनीपिगवर प्रयोग केले नसते, तर हे द्रव्य क्षयाचे औषध म्हणून रोग्यांपर्यंत इतक्या लवकर पोहोचले नसते. ब्रिटनमध्ये औषधाचा तुटवडा असताना १०७ रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी करून चाचणी झाली. सहा महिन्यांत, औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ जण दगावले, तर केवळ अंथरुणावर विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४ जण. त्याच चाचणीत, औषध मिळालेल्या अनेकांच्या शरीरातले जंतू काही आठवड्यांतच त्याला दाद देईनासे झाले, आणि त्यामुळे पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे पॅस या क्षयावरच्या दुसऱ्या औषधाच्या जोडीने देण्यात येऊ लागले. हे सारे ज्यांनी बारकाईने टिपले, त्यांचा वाटा मला लहान वाटत नाही.

वाक्समन यांच्याविषयीचा परिच्छेद मी नव्याने लिहीत आहे. त्यात आणखी एक नाव घालणार आहे, जे आपल्या प्रतिक्रियेत नाही आणि माझ्या लेखातही नव्हते. शॅट्झ यांचे निष्कर्ष स्वतंत्रपणे पडताळून पाहणाऱ्या एलिझाबेथ बुगी त्या शोधनिबंधावर दुसऱ्या क्रमांकावर आहेत. पेटंटवर त्यांचे नाव नाही.