अझाइड प्रोब चमकला म्हणजे सल्फाइडच, असं नाही

एका लेखात अझाइड प्रोबबद्दल (सल्फाइडशी अभिक्रिया झाली की चमकणारा रंगरेणू) 'पेशी हिरव्या चमकल्या की हायड्रोजन सल्फाइड आहे' असं लिहिलंय. इतकं सरळ नाही हो ते. पेशीत ग्लुटाथायोन (पेशीतलाच एक गंधकयुक्त रेणू, तोही प्रोबशी थोडीफार अभिक्रिया करू शकतो) 1 ते 10 मिलिमोलर असतं आणि सल्फाइड त्याच्या हजारो पटींनी कमी. त्यामुळे आधी पेशींशिवाय नुसत्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) 5 मिलिमोलर ग्लुटाथायोन घालून तासभर प्रोब ठेवा आणि चमक किती चढते ते मोजा. शिवाय अॅरिल अझाइड (प्रोबमधला सल्फाइडशी अभिक्रिया करणारा गट) प्रकाशानेही फुटतं, खासकरून कुमारिन या रंगद्रव्याचे प्रोब 405 नॅनोमीटरच्या लेसरखाली. पेशी नसलेल्या थेंबावर तेवढाच प्रकाश टाकून बघायलाच हवं.

खरा घोळ होतो तो प्रमाण द्रावणात, म्हणजे प्रोब तपासायला मुद्दाम बनवलेल्या ठरावीक सल्फाइडच्या द्रावणात. सोडियम सल्फाइड नोनाहायड्रेटचे स्फटिक ओलसर, पिवळट झाले असतील तर वरचा थर ऑक्सिडाइझ झालेला असतो. तो पाण्याने झटकन धुवा, टिपकागदावर टिपा, मग 240 मिलिग्रॅम तोला. नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन काढलेल्या 10 मिलिलिटर पाण्यात विरघळवलं की 100 मिलिमोलर होतं. त्याच दिवशी वापरा, बाटलीत वर हवा ठेवू नका. 7.4 पीएचला सल्फाइडचा साधारण पाव भाग वायूरूपात निसटू शकतो, म्हणून उघड्या वेल प्लेटमध्ये (छोट्या खळग्यांची तबकडी) काही मिनिटांतच निम्मं उडून जातं. मग 'प्रोब मंद आहे' असा निष्कर्ष निघतो, तो चुकीचा. हे द्रावण कडक अल्कधर्मी असतं. बफर कमी पडला तर पीएच चढतो आणि फ्लुओरेसिन (काही प्रोबमधलं हिरवं चमकणारं रंगद्रव्य) सल्फाइडशिवायही जास्त चमकतं.

पेशीत सल्फाइड बनवणारी एन्झाइम अडवणाऱ्या अमिनोऑक्सिअॅसेटिक आम्लाने चमक उतरली एवढा पुरावा पुरत नाही, ते ट्रान्सअमिनेझ ही दुसरी एन्झाइमही अडवतं.