‘रिकाम्या बायकांचे चोचले’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक ठाणेकर’ यांस,

नमस्कार. डोळ्यांखालच्या सुरकुत्यांवरच्या उपचारांबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून ती जशीच्या तशी देते (त्यातलं फिलर म्हणजे खोलगट भाग भरून काढायला कातडीखाली टोचतात तो जेल): “एवढं सगळं लिहायचं म्हणजे रिकाम्या बायकांचे चोचले. फिलरचे धोके दोन ओळींत उरकलेत. खर्चाचा पत्ता नाही. आमच्या आयांनी बदामाच्या तेलावर आयुष्य काढलं.”

चार वाक्यं आहेत. पहिलं वाचून मी लॅपटॉप मिटवून ठेवला आणि आज पुन्हा उघडला. मतभेद मी ऐकून घेते, इथले जुने वाचक ते जाणतात. पण न बघितलेल्या बायकांना रिकामं ठरवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

मी विम्याच्या कामासाठी घोडबंदर रोडवर वर्षानुवर्षं स्कूटर चालवली आहे. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत, भर दुपारी, समोरून ऊन आणि ट्रकांची धूळ. डोळे बारीक केल्याशिवाय रस्ता दिसायचा नाही. गॉगल घेतला होता, पण ऑफिसात “हिरॉईन आली” ऐकावं लागायचं, म्हणून तो पर्समध्येच राहिला. डोळ्याभोवतीचा स्नायू रोज तसा आवळला की कातडीला त्याच जागी घडी पडत जाते. खालच्या पापणीची त्वचा तर शरीरातल्या सर्वांत पातळ त्वचेपैकी, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिथे तेलाच्या ग्रंथीही कमी. वरून उन्हातले अतिनील किरण कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्ट ठेवणारं प्रथिन, तोडत असतात. माझ्या डोळ्यांखालच्या रेषा अशा आल्या आहेत. तीन हात नाक्यावर उन्हात उभ्या असणाऱ्या महिला पोलिसांकडे, स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या मावशींकडे एकदा नीट बघा आणि मग सांगा सुरकुत्या कोणाला लवकर येतात ते.

आता ज्या उपचारांना तुम्ही चोचले म्हणता त्यांच्याबद्दल. बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, ब्यूटी पार्लरातून आलेलं नाही. ते आधी तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटत राहण्याच्या विकारासाठी वापरलं गेलं. अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती याच कारणांसाठी. कॅनडात व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्यांच्या रुग्णांना हे इंजेक्शन देत होत्या, तेव्हा त्यांच्या एका रुग्ण बाईंनीच भुवयांमधल्या आठ्या गेल्याचं त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्या आठ्यांसाठी अमेरिकेतली मान्यता २००२ मध्ये आली, डोळ्यांच्या कडेच्या रेषांसाठी २०१३ मध्ये. पापणीच्या अगदी खाली मात्र ते फार जपून द्यावं लागतं, कारण मात्रा जास्त झाली तर खालची पापणी सैल पडते आणि डोळा कोरडा होतो. हे मी मूळ लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत की नाही, मला शंका आहे.

तुमच्यासारख्या बोलण्याने काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून इतकं लिहितेय. आमच्या नौपाड्यातल्या एका मैत्रिणीकडे गेले होते. स्वयंपाकघरात, ट्यूबलाइटखाली, ती मेथी निवडत बसली होती आणि डोळ्यांवर काळा गॉगल. सासूबाईंना सांगितलं होतं, डोळे आलेत. मला दाखवायला तिने गॉगल वर केला, तर दोन्ही डोळ्यांखाली निळसर, फुगलेली पट्टी. कुठल्याशा पार्लरात, डॉक्टर नसलेल्या कोणीतरी फिलर भरलं होतं. ते कातडीच्या फार वरच्या थरात बसलं की प्रकाश असा विखुरतो की खाली शाई सांडल्यासारखं दिसतं. फिलर हायलुरोनिक अ‍ॅसिडचं होतं म्हणून निभावलं. स्किनच्या डॉक्टरांनी हायलुरोनिडेजचं इंजेक्शन देऊन ते विरघळवलं. ती एमडी डॉक्टरकडे आधीच का गेली नाही? कारण घरात विचारलं तेव्हा “या वयात कसले चोचले” हे उत्तर मिळालं होतं. मग ती गुपचूप गेली, आणि गुपचूप जाणाऱ्या बाईला जी जागा स्वस्तात, विनाप्रश्न मिळते तिथेच गेली. ना डॉक्टरची पदवी विचारली, ना मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, ना बाटलीवरचं नाव वाचलं. त्या बाईला तुम्ही रिकामी म्हणणार? ती सकाळी साडेसहाची लोकल पकडते.

बाकीचं थोडक्यात. फिलरचे धोके दोन ओळींत आहेत हे खरं, पण त्या ओळींत सूज आहे, निळेपणा आहे, आणि रक्तवाहिनीत फिलर गेलं तर दृष्टी जाऊ शकते हेही आहे. याहून मोठा धोका कोणता लिहायचा होता? खर्चाचा मुद्दा मान्य. बोटॉक्सचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, म्हणजे तो एकदाचा खर्च नसून चालू राहणारा खर्च आहे, हे वाक्य मूळ लेखात आज घातलं आहे. बदामाच्या तेलाने त्वचा मऊ राहते आणि कोरडेपणाची बारीक रेघ पुसट दिसते. लावा, माझी काही हरकत नाही. खोल गेलेली घडी त्याने भरत नाही.

आणि मी स्वतः काय केलं, हेही सांगून टाकते, म्हणजे क्लिनिकशी साटंलोटं असल्याची शंका कोणाला नको. मी एकही इंजेक्शन घेतलेलं नाही. सकाळी सनस्क्रीन, उन्हात गॉगल, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं क्रीम), तेही सुरुवातीला एक रात्र आड, डोळ्यांच्या हाडाच्या कडेपर्यंतच. पहिल्या आठवड्यांत साली निघाल्या, चुरचुरलं, फरक दिसायला कित्येक महिने लागले. गरोदर बायकांनी हे लावू नये. लेझरचं मला सुचवलं होतं, पण आपल्या सावळ्या कातडीवर त्याने काळे डाग पडण्याची भीती जास्त असते, म्हणून मी नाही म्हटलं. दुसरी एखादी हो म्हणेल. तिने नीट माहिती घेऊन हो म्हणावं यासाठीच मी लिहिते.

लेझर आणि केमिकल पीलवर पुढचा लेख येतोय. त्यात चुका दिसल्या तर जरूर दाखवा, मी प्रत्येक मुद्द्याला उत्तर देईन. मात्र बायकांना रिकाम्या म्हणणारी प्रतिक्रिया यापुढे इथे छापली जाणार नाही.