काच फोडा, भाव पाडा

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी लाल रंगाकडे सरळ बघायचं नाही, एवढं तरी मी चौदा वर्षांत शिकलोय. आधी पितळी अडकित्ता हातात घ्यायचा. मग बिनकाट्यांचं घड्याळ कानाला लावायचं. एखाद्या रिमोटचं झाकण उघडून "छे" म्हणायचं. आणि मगच, चपलेचा अंगठा नीट करायला वाकल्यासारखं वाकून, ताडपत्रीच्या कडेच्या त्या लाल डबीला बोट लावायचं. "आणि हे काय आहे, मामा?" हे विचारताना आवाजात कंटाळा हवा. तो मला आजवर जमलेला नाही. माझा आवाज डब्यात लाडू दिसलेल्या पोरासारखाच निघतो.

"आगीचं आहे, साहेब," मामा म्हणतात. "जाऊ द्या. तुम्हाला महाग पडेल."

संपलं. घासाघीस सुरू होण्याआधीच मी हरलेलो असतो.

मी जुने फायर अलार्म जमवतो. घंटा, हूटर, काच फोडून आग कळवायचे कॉल पॉइंट, धूर हुंगणारे छताचे डिटेक्टर, पॅनेल. लोक काडेपेट्या जमवतात, त्यांना छंदिष्ट म्हणतात. आगीची घंटा जमवणाऱ्याला मात्र आधी विचारतात, "कुठे आग लागली होती का तुमच्याकडे?" नाही म्हटलं तर तो माणूस काळजीत पडतो. हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

या मालाला ठरलेला भाव नाही. आतल्या तांब्याचं वजन आणि समोरच्या गिऱ्हाइकाचा चेहरा, यावर आकडा ठरतो. त्यामुळे माझी पहिली घंटा मला चांगलीच भोवली. सहा इंची लाल वाटी, खाली पट्टीवर '२४ व्होल्ट डीसी' कोरलेलं. मी विचारलं, "चालू आहे ना?" मामांनी शेजारचा पाना उचलला आणि वाटीवर असा हाणला की पलीकडचा चपलावाला दचकला. "ऐका! चालू आहे की नाही?" नाद खरंच सुरेख होता. साडेचारशे रुपये मोजले, रिक्षात मांडीवर घेऊन बसलो. घरी येऊन वाटीचा मधला स्क्रू काढला तर आत काहीच नाही. कॉइल गेलेली, ठोका मारणारा दांडा गेलेला, एक झुरळ तेवढं घाईने बाहेर निघालं. तांबं किलोच्या भावाने आधीच गेलं होतं. मी विकत घेतली होती ती वाटी. पुढच्या रविवारी तक्रार केली तर मामा शांतपणे म्हणाले, "वाजली होती ना तुमच्यासमोर?"

डिटेक्टरची तऱ्हा वेगळी. एकदा पोतंभर डिटेक्टर आले होते, सगळ्यांवर पिवळी प्लॅस्टिकची टोपी. "नवे कोरे, टोपीसुद्धा काढलेली नाही," मामा अभिमानाने म्हणाले. उलटे करून बघितले तर तळाच्या पत्र्यावर स्क्रू घासल्याच्या खुणा. म्हणजे वर्षानुवर्षं कुठल्यातरी छताला लटकून आलेले. बांधकामाची धूळ जाऊ नये म्हणून घालतात ती टोपी, काम संपल्यावर काढायची असते. धूर आत शिरेल, आतल्या दिव्याचा उजेड त्याच्यावर विखुरून सेन्सरवर पडेल आणि मगच हा ओरडेल, अशी सगळी रचना. इथे टोपी तशीच. एका अख्ख्या इमारतीने नाकाला चिमटा लावून इतकी वर्षं काढली होती. त्यातले दोन मी घेतले, टोपीसकट. काही वस्तू त्यांच्या इतिहासासकटच ठेवाव्या लागतात.

त्याच पोत्यात एक जुना जाडजूड डिटेक्टर होता, त्याच्या पाठीवर तीन पाकळ्यांचं चिन्ह. "पंख्याचं चित्र आहे, साहेब, हवा खेळती राहते," असं मामांनी समजावलं. मी दोन पावलं मागे सरकलो. आयोनायझेशन जातीचा होता तो. त्याच्यात अमेरिशियम २४१ या किरणोत्सारी धातूचा एवढासा कण असतो, आणि त्याचं अर्धआयुष्य चारशे बत्तीस वर्षांचं. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीखालची वस्तू अडकित्त्याशेजारी पडली होती. बंद डबीत असेपर्यंत ती निरुपद्रवी, पण हातात पाना घेतलेल्या माणसापुढे कुठलीच डबी फार वेळ बंद राहत नाही. हा फोडू नका, ज्याच्याकडून आणला त्यालाच कंपनीकडे परत पाठवायला सांगा, असं मी परोपरीने सांगितलं. मामांना वाटलं, मी भाव पाडतोय. "बरं, शंभर कमी करतो," ते म्हणाले.

माझा लाडका ऐवज म्हणजे आठ झोनचं, म्हणजे इमारतीच्या आठ भागांवर नजर ठेवणारं, एक पॅनेल. बंद पडलेल्या कुठल्यातरी ऑफिसातून आलेलं. किल्ली नव्हती. "किल्ली गेली पण कुलूप ओरिजिनल आहे" हे त्याचं वैशिष्ट्य म्हणून सांगण्यात आलं. दर्शनी भागावर प्रत्येक दिव्याशेजारी कागदाची चिठ्ठी, निळ्या शाईत: तळमजला, अकाउंट्स, रेकॉर्ड रूम, साहेब. कँटीनच्या चिठ्ठीखाली दुसऱ्या हस्ताक्षरात लिहिलं होतं, 'रोज ११ वाजता वाजतो, लक्ष देऊ नये.' आणि आवाज बंद करायचं बटण इतकं झिजलेलं की त्यावरची अक्षरं पुसून गेलेली. रोज अकराला तिथे भजी तळली जात असणार. त्या एका ओळीसाठी मी बाराशे रुपये दिले, पॅनेल फुकट मिळालं असं मी समजतो. बायको तसं समजत नाही.

पॅनेल चालू करायचं म्हणजे पुन्हा वणवण. चोवीस व्होल्टसाठी बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडायच्या. दुकानदार विचारतो, "कुठल्या यूपीएसला?" खरं सांगितलं तर वेळ जातो, म्हणून मी यूपीएसचंच नाव सांगतो. मग तपकीर गल्लीत रेझिस्टर. प्रत्येक झोनच्या वायरीच्या टोकाला एक असतो, माझ्या पॅनेलला ४.७ किलोओहमचा. त्याच्यातून पॅनेलकडे सतत बारीकसा करंट परत येत राहतो. म्हणजे शेवटच्या बाकावरच्या पोराने 'हजर' म्हणावं तसं. तो गप्प झाला की वायर तुटली असं समजून पॅनेल पिवळा दिवा लावून कुरकुरत बसतं. आठ पाहिजे होते. "दहाच्या खाली देत नाही," दुकानदार म्हणाला. सगळा मिळून बसच्या तिकिटापेक्षा स्वस्त सौदा, तरी मी तिथेही घासाघीस केली. सवय.

पहिल्यांदा ते वाजलं तेव्हा बायको आत झोपली होती. झोपलेल्या माणसाच्या उशाशी पंचाहत्तर डेसिबल आवाज पोचला पाहिजे असा दंडक आहे. तो पाळला गेल्याची खात्री मला लगेच झाली. "अहो, एक तर हे राहील नाहीतर मी," ती म्हणाली. तडजोड म्हणून हॉलच्या शोकेसमध्ये चिनीमातीच्या बाहुल्यांच्या जागी सगळं मूक अवस्थेत ठेवायचं ठरलं. खंडेनवमीला मात्र ती स्वतःच पॅनेलला झेंडूची माळ घालते. कँटीनच्या चिठ्ठीवर हळद लागू नये एवढंच मी बघतो.

आता मुद्द्याची गोष्ट. महाराष्ट्राच्या २००६ च्या आगीविषयीच्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये आमच्या सोसायटीच्या यंत्रणेचा बी फॉर्म, म्हणजे ती नीट चालते असा दाखला, भरावा लागतो. या जानेवारीत तपासणीला आलेला पोरगा जिन्यातल्या कॉल पॉइंटसमोर थबकला. पोरांनी चेंडूने काच फोडली होती. काच आतलं बटण दाबून धरते, ती फुटली की बटण उसळतं आणि घंटा सुरू. वॉचमनने उपाय काढला होता. काच असते त्या जागी त्याने चपटी केलेली काडेपेटी खोचली होती.

ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला. सेक्रेटरींनी माझ्याकडे बोट दाखवलं. पोरगा माझ्या घरी आला. "काका, तुमच्याकडे याची काच असेल का?"

माझ्याकडे पाच होत्या. मी म्हणालो, "बघावं लागेल."

त्याने शोकेसभर नजर फिरवली. चिनी टेबललॅम्पकडे बघितलं, बायकोच्या ट्रॉफीकडे बघितलं, फ्लॉवरपॉट उचलून ठेवला, आणि अगदी कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "हे असलं आता घेतं कोण? वीस रुपये देतो."

चौदा वर्षं जो आवाज मला जमला नाही, तो या पंचविशीच्या पोराला पहिल्याच फटक्यात जमला होता.

"आगीचं आहे," मी म्हणालो. "जाऊ दे. तुला महाग पडेल."

शोकेसचं दार लावलं, त्याला नमस्कार केला आणि पेपर उघडून बसलो. दोन मिनिटांत बेल वाजली. दाराची.