पोरगं आईबापाचं की सरकारचं?

आमच्या नागपूरच्या शाळेच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप सध्या एकाच विषयावर पेटलाय. तिथल्या एका शिक्षकाने सातवीतल्या मुलाला पट्टीने मारलं, पाठीवर वळ उठले, आई सरळ पोलिसांत गेली. ग्रुपचा कौल आईच्या विरोधात. "आपण काय कमी मार खाल्ला का बाप्पा? म्हणून तर घडलो." मी एवढंच लिहिलं की शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे, त्याच्या कलम १७ ने शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी घातली आहे, आईने वेगळं काय केलं? लगेच उत्तर आलं, "तू तर सांगूच नको. तुमच्या नॉर्वेत सरकारच पोरं पळवून नेते." खाली अंगठ्यांची रांग.

हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे, कारण मी राहते स्टॅव्हँगरला. २०११ साली ज्या भारतीय जोडप्याची दोन लहान मुलं बार्नेवेर्नने, म्हणजे इथल्या बालसंरक्षण खात्याने नेली, ते याच गावात राहत होतं. भारत सरकार मध्ये पडलं, २०१२ च्या एप्रिलमध्ये मुलं काकांच्या स्वाधीन झाली, पुढे कलकत्ता हायकोर्टाने ती आईकडे दिली. त्यावर सिनेमा आल्यापासून तर विचारायची सोय नाही. नागपूरला गेलं की लग्नाच्या पंगतीत, बर्डीवर साडीच्या दुकानात, कुठेही कुणीतरी विचारतंच: हाताने भरवलं म्हणून खरंच मुलं नेतात का गं?

नाही नेत. माझ्या दोन्ही मुलांना मी वरण-भात हातानेच भरवला, हेल्सेस्टेशनच्या, म्हणजे बाळांच्या तपासणी केंद्राच्या नर्सच्या डोळ्यांदेखत भरवला. मुलगी चार आठवड्यांची असताना त्याच नर्सने तिला उलटं धरून कमरेच्या खालचा निळसर डाग बघितला. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांना असा डाग जन्मतः असतो, पाच-सहा वर्षांत जातो. तिने मापपट्टी लावली, लांबी-रुंदी आणि जागा मुलीच्या नोंदीत लिहिली आणि म्हणाली, "हे लिहून ठेवते. उद्या बालवाडीत कुणाला वाटायला नको की तुम्ही मारलं." तेव्हा माझे हातपाय गार पडले होते. रात्री नवऱ्याला म्हटलं, ह्यांनी आपल्याला आत्तापासूनच आरोपी ठरवलंय. आज मला त्यात उलटंच दिसतं. मुलीच्या अंगावरचा एक डाग कुणाला तरी नोंदण्याइतका महत्त्वाचा वाटला, आणि त्या नोंदीने मुलीचंही रक्षण झालं, आमचंही. माझ्या लहानपणी वर्गात वळ घेऊन येणाऱ्या मुलांची नोंद कुणी ठेवली होती?

नॉर्वेने १९८१ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र लोकपाल नेमला, जगात पहिला. १९८७ मध्ये आईबापांनीही मुलावर हात उगारायचा नाही असा कायदा केला. बार्नेवेर्नकडे काळजीचं पत्र आलं की आठवड्याच्या आत ते वाचून ठरवावं लागतं, चौकशी साधारण तीन महिन्यांत संपवावी लागते. बहुतेक घरांत त्यातून निघते ती मदत: कुणी घरी येऊन आईला हात देतं, कुणी सल्ला देतं, कुठे सुटीच्या दिवशी मूल सांभाळायला दुसरं कुटुंब मिळतं. मूल कायमचं काढून घ्यायचं असेल तर एकट्या बार्नेवेर्नला तो अधिकार नाही. स्वतंत्र मंडळापुढे सुनावणी होते, आईबापांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, मुलाचंही म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर एका वकील मित्राने स्ट्रासबर्गचं युरोपीय मानवाधिकार न्यायालय काढलं. बरोबरच काढलं. सप्टेंबर २०१९ मध्ये त्या न्यायालयाच्या मोठ्या खंडपीठाने एका नॉर्वेजियन आईच्या बाजूने निकाल दिला, कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाला असं सांगितलं, आणि त्यानंतर नॉर्वेविरुद्ध अशा निकालांची रांगच लागली. लहानग्याला आईपासून तोडून वर्षाला मोजक्या भेटी ठरवायच्या आणि मग म्हणायचं की आता त्याला आईची ओढ राहिली नाही, हा अन्यायच होता. इथल्या सुप्रीम कोर्टाला २०२० मध्ये आपली पद्धत तपासून घ्यावी लागली, १ जानेवारी २०२३ पासून नवा कायदा आला. पण तो खटला लढली इथलीच एक आई, आणि कायदा बदलला तोही मुलांच्याच नावाने. "मग मारू द्या आईबापांना" असं कुणी म्हटलं नाही.

आणि आपल्याकडे? केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने २००७ साली तेरा राज्यांतल्या मुलांचा अभ्यास छापला, त्यात महाराष्ट्रही होता. दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ला होता, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना मारणारे आईबापच होते. शाळेत बंदी आली, घराला मात्र तशी स्पष्ट बंदी आजही नाही. जुन्या दंडसंहितेचं कलम ८९ आता न्याय संहितेत २७ क्रमांकाने बसलंय: बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, चांगल्या हेतूने पालकाने किंवा त्याच्या संमतीने केलेल्या कृत्याला संरक्षण. मारणाऱ्यांचा बचाव कैक वर्षं याच कलमाच्या आडोशाला उभा राहत आलाय.

ग्रुपमधले नागपूरकर एक निकाल विसरलेत, म्हणून आठवण देते. जानेवारी २०२१, आपल्याच सिव्हिल लाइन्समधलं नागपूर खंडपीठ. बारा वर्षांच्या मुलीच्या अंगाला हात लावणाऱ्याला पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली दिलेली शिक्षा काढून टाकली, कारण काय, तर मध्ये कपडा होता, त्वचेला त्वचा लागली नाही. अॅटर्नी जनरलना स्वतः सुप्रीम कोर्टात जावं लागलं आणि नोव्हेंबरमध्ये तो निकाल रद्द झाला. त्या मुलीच्याही आईने तक्रार केली होती. तेव्हा ग्रुप असता तर तिलाही हेच ऐकवलं असतं का, की कशाला पोलिसांत गेलीस?

२०२३ चं प्रकरण तर अजून ताजं आहे. शहराच्या दक्षिणेच्या नव्या वस्तीतल्या बंद घरात एक घरकामाची पोर सापडली, दहा-बारा वर्षांची, अंगावर चटक्यांच्या खुणा. बिल थकलं म्हणून वीज कापायला आलेल्या माणसांना ती खिडकीतून दिसली. त्या वस्तीत शिकलेले, नोकरदार लोक राहतात. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला, आता देशभर चालतो, तो फिरवायला पैसेही लागत नाहीत.

ह्याच ग्रुपवर पुण्याच्या पोर्शे अपघाताच्या वेळी मागणी होती की सतरा वर्षांच्या पोराला मोठ्यांसारखा खटला लावा, लहान कसला तो. जामिनाची अट म्हणून सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर मीही संतापले होते. पण मार खायची वेळ आली की सतरा वर्षांचं पोरगं लेकरू, आईबापाच्या मालकीचं, आणि गुन्हा केला की पूर्ण वाढलेला माणूस? त्याचं स्वतःचं अंग, स्वतःचं म्हणणं, हे दोन्हीकडे कुठेच नाही. पोरगं आईबापाचं की सरकारचं, यावर तुम्ही रात्र रात्र भांडता. ते त्याचं स्वतःचं आहे, हे तिसरं उत्तर कुणी उच्चारतच नाही.

"तुमच्या नॉर्वेत" हे दोन शब्द मला इतके का लागले, तेही सांगते. इथे मी कितीही वर्षं राहिले तरी मुलांना बसमध्ये रागावताना मराठीचा आवाज आपोआप खाली जातो. कुणी काही बोलत नाही, पण मला वाटतं की बघताहेत. इथल्या आयांशी बोलताना मी नागपूरची बाजू घेते, त्यांना तान्ह्या पोळ्याचं सांगते. लाकडी नंदीला माळ घालून आम्ही पोरं महालातल्या गल्लीत घरोघर जायचो, आणि ओळख असो-नसो, प्रत्येक दारी बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, मिळायचा. कुणाचं पोर आहेस असं विचारून कुणी हात आखडता घेतला नाही. अख्ख्या गल्लीने मला वाढवलं, हे मी अभिमानाने सांगते आणि ते खरं आहे. त्याच गल्लीत शेजारचा एक बाप रोज रात्री पोराला पट्ट्याने मारायचा, आवाज सगळ्या घरांत यायचा, आणि सगळे म्हणायचे, घरचा मामला आहे. हे मी इथल्या बायांना सांगत नाही. ते सांगायला मला नागपूरचीच माणसं लागतात, आणि तीच मला म्हणतात की तू आता तिकडची.

मी तिकडची नाही. असते तर या वादाने माझी झोप उडाली नसती.

काल रात्री बॅचमधल्या एकीने मला एकटीला लिहिलं. ती हिंगण्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिने लिहिलं ते जसंच्या तसं: "तू कायदा सांगतेस ते पटतं. माझ्या वर्गातली एक पोर घरून चटका घेऊन आली तेव्हा मी १०९८ ला फोन केला. ते आले, तिला बालकल्याण समितीपुढे नेलं, सगळं नियमाने झालं. दुसऱ्या दिवशी तिचा बाप चार माणसं घेऊन शाळेच्या फाटकात उभा. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, तुम्हाला काय गरज होती? आता सांग, पुढच्या वेळी मी फोन करू की नको?"

मी तिला कर म्हणाले. पण फाटकात तिच्या शेजारी मी उभी राहणार नाही, तुम्ही राहू शकता. तुमच्यात दोन वकील आहेत, एक नगरसेवक होऊन गेलाय, तिघी शिक्षिका आहेत, आणि हिंगणा तुमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. तिच्या परवानगीने, नाव गाळून, हा मेसेज मी ग्रुपवर टाकला आहे. आता नॉर्वे बाजूला ठेवा आणि तिला उत्तर द्या.